संशयित होण्याचा हक्क

केनेथ ब्रॅनाच्या अगाथा ख्रिस्तीपटांवरचा एक आक्षेप आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो घ्यायला चित्रपट पाहिलेला असण्याचीही गरज उरलेली नाही. आक्षेप असा: ख्रिस्तीच्या जगात नसलेली माणसं आजच्या फॅशनपायी तिच्या कथांत कोंबली गेली. २०१७ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये कर्नल अर्बथनॉट एकाएकी कृष्णवर्णीय डॉक्टर झाला आणि इटालियन मोटारविक्रेत्याचा मार्केझ झाला. २०२२ च्या ‘डेथ ऑन द नाईल’मध्ये ऑटरबर्न मायलेकींचं नातंही बदललं आणि रंगही, आणि अमेरिकन विश्वस्ताच्या जागी ‘मिर्झापूर’चा गुड्डू पंडित, म्हणजे आपला अली फझल, येऊन बसला. थोडक्यात, इतिहास बुडाला, ख्रिस्ती बुडाली आणि उरला तो निव्वळ अजेंडा.

हा आक्षेप चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते इथे सविस्तर मांडायचं आहे. ब्रॅनाची वकिली करण्याचा मात्र इरादा नाही. त्याच्या दुसऱ्या चित्रपटावर याहून कडक आरोप ठेवता येतो. पण आक्षेपकांची नजर नटांच्या कातडीवर खिळलेली असल्यामुळे तो त्यांच्या ध्यानातच येत नाही. आणखी एक सूचना आधीच देऊन ठेवतो: ‘ओरिएंट एक्सप्रेस’चं रहस्य पुढे फुटणार आहे. नव्वदी ओलांडलेल्या कादंबरीचा शेवट लपवत बसलो तर तिच्याबद्दल काही बोलताच येणार नाही.

सुरुवात ‘मूळ कृतीशी इमान’ या मुद्द्यापासून करू. ब्रॅनाच्या पहिल्या चित्रपटात हर्क्यूल प्वारो बर्फाळ पुलाच्या लाकडी सांगाड्यातून एका संशयिताचा पाठलाग करतो आणि पुढे गोळीही खातो. कादंबरीतला प्वारो ओल्या पायांनी चालायलाही नाखूष असतो. दुसऱ्या चित्रपटात तो १९१४ च्या खंदकातला तरणाबांड सैनिक दाखवला आहे आणि त्याच्या मिशीला एक करुण पूर्वकथा जोडली आहे. १९२० साली आलेल्या पहिल्या कादंबरीत तो पोलिसखात्यातून निवृत्त झालेला बेल्जियन निर्वासित म्हणून इंग्लंडात येतो. म्हणजे त्याचं अख्खं चरित्रच चित्रपटाने उलटंपालटं केलं. सॅलोमी ऑटरबर्न ही कादंबरीत शृंगारिक कादंबऱ्या लिहिणारी बाई, तर चित्रपटात ब्लूज गायिका. १९३७ साली घडणाऱ्या या चित्रपटात ती गाते तेव्हा आवाज ऐकू येतो तो सिस्टर रोझेटा थार्पचा, आणि थार्पचं पहिलं ध्वनिमुद्रण आहे १९३८ चं. या सगळ्यावर आक्षेपकांची तक्रार काय? फारशी नाही. पाठलाग चालतो, मिशी चालते, वर्षभर आधी वाजलेलं गाणं चालतं. इतिहासाची आठवण नेमकी नटाच्या रंगापाशी येऊन जागी होते. असं निवडक इमान ज्याला सुचतं, त्याची काळजी मूळ कृतीसाठी नाही हे उघड आहे.

आता इतिहासाकडे वळू. १९३४ साली ओरिएंट एक्सप्रेसच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय ब्रिटिश डॉक्टर कसा असेल, हा प्रश्न बिनतोड म्हणून फेकला जातो. लंडनच्या पेकममध्ये तेव्हा डॉ. हॅरॉल्ड मूडी यांचा दवाखाना जोरात चालू होता. जमैकातून १९०४ साली शिकायला आलेला हा माणूस किंग्ज कॉलेजातून डॉक्टर झाला. रंगामुळे इस्पितळात नेमणूक नाकारली गेली, म्हणून १९१३ मध्ये त्याने स्वतःचा दवाखाना थाटला आणि १९३१ मध्ये ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ ही संघटना काढली. चित्रपटातला अर्बथनॉट पूर्वाश्रमीचा सैनिक आहे, हेही अनेकांना खटकलं. पहिल्या महायुद्धात वॉल्टर टल नावाचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला होता. शुद्ध युरोपीय वंशाचा नसलेल्याला अधिकारपद देऊ नये असा लष्करी नियम असताना १९१७ साली तो अधिकारी झाला आणि १९१८ च्या मार्चमध्ये आघाडीवर मारला गेला.

मराठी वाचकाला तर यासाठी इतकं लांब जायची गरजच नाही. मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला १९२० च्या दशकात लंडनच्या बॅटरसी भागातून पार्लमेंटवर निवडून गेले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथे शिक्षण पूर्ण केलं आणि १९३० ते ३२ दरम्यान ते गोलमेज परिषदांसाठी पुन्हा तिथे गेले. या काळाच्या युरोपात गोऱ्यांखेरीज कोणी शिकलेलं, पैसे मोजून प्रवास करणारं नव्हतं असं मराठी माणसानेच म्हणावं, ही गंमत आहे. माणसं होती आणि त्यांना अडवणारा वर्णद्वेषही होता. काळाशी प्रामाणिक राहायचं तर दोन्ही दाखवावं लागतं. माणूसच गाळला की द्वेषही आपोआप गाळला जातो आणि उरतो तो चहाच्या डब्यावरच्या चित्रासारखा सोज्वळ भूतकाळ.

पण हा सगळा पुरावा एका अर्थाने दुय्यम आहे. खरं उत्तर कादंबरीतच आहे.

१९३४ च्या जानेवारीत ती आली तेव्हा तिच्यामागे दोन ताज्या घटना होत्या. १९२९ च्या हिवाळ्यात ओरिएंट एक्सप्रेस तुर्कस्तानात काही दिवस बर्फात अडकून पडली होती. आणि १ मार्च १९३२ रोजी विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांचं वीस महिन्यांचं मूल न्यू जर्सीतल्या घरातून पळवलं गेलं. पुढे त्याचा मृतदेहच हाती लागला. तपासात लिंडबर्ग यांच्या सासुरवाडीची इंग्लिश मोलकरीण व्हायोलेट शार्प हिच्या पोलिसांनी एकसारख्या उलटतपासण्या घेतल्या. जूनमध्ये तिने विष घेतलं. नंतर कळलं की गुन्ह्याशी तिचा काही संबंध नव्हता. परकी आणि त्यातून नोकर असलेल्या तिच्यावर संशय मात्र पक्का झाला होता. ख्रिस्तीने या कहाणीचं कादंबरीतलं आर्मस्ट्राँग प्रकरण केलं आणि आत्महत्या करणाऱ्या निरपराध दाईला कथेत जागा दिली. परक्यावर चटकन जाणारा संशय हा या कादंबरीचा कच्चा मालच आहे.

आता डब्यातले उतारू पाहा. इटालियन मोटारविक्रेता, स्वीडिश मिशनरी बाई, जर्मन दासी, रशियन राजकन्या, हंगेरियन सरदार आणि त्याची बायको, फ्रेंच कंडक्टर, अमेरिकन सेक्रेटरी, बडबडी अमेरिकन बाई, इंग्लिश चाकर, इंग्लिश शिक्षिका आणि हिंदुस्थानातून रजेवर घरी निघालेला इंग्लिश कर्नल. प्रत्येकाला दुसऱ्याच्या देशाविषयी एक पक्कं मत आहे. रेल्वे कंपनीचा संचालक बूक तर पहिल्यापासून इटालियनामागे हात धुऊन लागतो. सुरा म्हटलं की इटालियन, हे त्याचं तर्कशास्त्र. प्वारो सगळं ऐकून घेतो आणि मग वेगळाच प्रश्न विचारतो: इतक्या देशांची, इतक्या थरांची माणसं एका छपराखाली कुठे सापडतील? उत्तर एकच, अमेरिकेत. तिथल्या एखाद्या श्रीमंत घरात शोफर इटालियन, शिक्षिका इंग्लिश, परिचारिका स्वीडिश, दाई फ्रेंच असू शकते. म्हणजे हे सगळे आर्मस्ट्राँगांच्या एकाच घराशी बांधलेले आहेत. आणि बारा जण म्हणजे ज्युरी.

वैविध्य हाच या कादंबरीतला निर्णायक पुरावा आहे. सगळे उतारू एकाच रंगारूपाचे, एकाच भाषेचे असते तर प्वारोला खून उलगडलाच नसता. ज्यांना ‘ओरिएंट एक्सप्रेस’मधलं वैविध्य बाहेरून घुसवलेलं वाटतं, त्यांनी कादंबरी तरी वाचलेली नाही, नाहीतर शेवटची प्रकरणं झोपेत वाचली आहेत.

यावर कोणी म्हणेल, मग ख्रिस्तीचंच वैविध्य का नाही ठेवलं? इटालियन इटालियनच राहू द्यायचा होता. मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. १९३४ च्या इंग्लिश वाचकासाठी इटालियन, स्वीडिश, हंगेरियन हे खरोखर वेगवेगळे लोक होते. नाव वाचताच मनात एक पूर्वग्रह हलत असे आणि ख्रिस्ती त्याच पूर्वग्रहावर डाव टाकत असे. २०१७ च्या प्रेक्षकाला, मग तो लंडनचा असो की डोंबिवलीचा, हे सगळे एकजात गोरे युरोपीय दिसतात. सुरा चालवणारा इटालियन म्हटल्यावर त्याच्या मनात काहीच हलत नाही. पूर्वग्रह हलला नाही तर सापळा लागत नाही, आणि सापळा नसेल तर ती रहस्यकथाच नव्हे. दिग्दर्शकाने फरकाची रेघ आजच्या डोळ्याला दिसेल इतकी ठळक केली. कथेचं इंजिन बंद पडू नये म्हणून हे करणं भागच होतं.

ब्रॅनाने ते कसं केलं तेही पाहण्यासारखं आहे. चित्रपट उघडतो तो १९३४ च्या जेरुसलेममध्ये. चर्चमधून एक पवित्र वस्तू चोरीला गेली आहे आणि संशयित म्हणून तिघे उभे आहेत: एक रब्बी, एक पाद्री, एक इमाम. जमाव तिघांपैकी एकाचा बळी घ्यायला टपलेला. प्वारो चोर शोधून काढतो, आणि तो निघतो तपास करणारा ब्रिटिश पोलीस अधिकारीच. हा प्रसंग कादंबरीत नाही. पण पुढच्या दोन तासांत काय चालणार आहे याची किल्ली त्याने पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकाच्या हातात दिली: संशय कोणावर जातो आणि गुन्हा कोण करतो, या दोन गोष्टींमधली दरी.

गाडीत ऑस्ट्रियन प्राध्यापकाच्या वेशातला हार्डमन नावाचा उतारू डॉ. अर्बथनॉटशेजारी बसायला कुरकुर करतो. वंशांची सरमिसळ होऊ नये हे पटवायला तो वाइनचा दाखला देतो. तांबडी आणि पांढरी एकत्र करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. इंग्लिश शिक्षिका मेरी डेबनहॅम शांतपणे एका पेल्यातली वाइन दुसऱ्यात ओतते आणि आपल्याला गुलाबीच आवडते असं सुनावते. एवढ्यावर हा प्रसंग टाळ्या घेणारा भाबडा संवाद ठरला असता. पण मेरी आणि अर्बथनॉट यांचं प्रेम आहे आणि ते दोघांना लपवायचं आहे. कादंबरीतही ते लपवतात. चित्रपटात लपवायला १९३४ चं आणखी एक खरंखुरं कारण मिळालं. शिवाय हार्डमन प्राध्यापकही नाही आणि ऑस्ट्रियनही नाही. त्याचा वर्णद्वेष हे पांघरलेलं सोंग होतं, आणि ते बेमालूम वठलं, कारण त्या काळच्या युरोपात तसा प्राध्यापक भेटणं ही रोजची गोष्ट होती. एका पेल्यात तीन खोट्या गोष्टी दडलेल्या आहेत. हे रहस्यकथेचं अस्सल काम झालं.

त्याहून महत्त्वाची जागा आहे ती बूकच्या विनवणीची. प्वारोने तपास हाती घ्यावा म्हणून तो सांगतो की स्थानिक पोलीस आले तर ते मार्केझला त्याच्या नावावरून किंवा डॉक्टरला त्याच्या रंगावरून धरतील आणि लटकवून मोकळे होतील. कादंबरीत इटालियनावर संशय घेणारा बूक चित्रपटात त्याच पूर्वग्रहाची भीती बोलून दाखवतो. प्वारो तपासाला होकार देतो त्यात या भीतीचाही वाटा आहे. अर्बथनॉट पुन्हा गोरा कर्नल करून पाहा; ही जागा तिथल्या तिथे कोसळते. पात्राचा रंग कथेच्या कण्यात बसला आहे की वरून चोपडला आहे, याची याहून सोपी परीक्षा नाही.

आता आपल्याकडचा हमखास प्रश्न: मग उद्या शिवाजी महाराजांच्या भूमिकेत कोणालाही उभं करणार का? नाही. महाराज होऊन गेले. त्यांची समकालीन चित्रं आहेत, पत्रं आहेत, वंशावळ आहे. डॉ. अर्बथनॉट होऊन गेलेला नाही. कल्पित पात्राला जन्मदाखला नसतो. त्याला फक्त कथेतलं काम असतं, आणि ते काम नीट होतं की नाही एवढंच विचारायचं असतं. दोन्ही गोष्टी एका दावणीला बांधल्या की वाद पेटतो खरा, पण मुद्दा हरवतो. तसंच, भूमिका आणि वंश यांचं नातं पवित्र मानणाऱ्यांनी हॉलीवूडचा जुना हिशेबही काढावा. ख्रिस्तीची ही पुस्तकं येत होती त्याच वर्षांत, १९३१ ते ३७ या काळात, चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर रंगवत होता वॉर्नर ओलंड, जन्माने स्वीडिश. १९३५ साली तर तो चिनी होऊन इजिप्तलाही जाऊन आला. त्या चित्रपटांना थिएटरं भरत होती, आणि अस्सलपणाच्या नावाने गळा काढल्याचं फारसं कोणाच्या कानावर आलेलं नाही.

इथपर्यंत एका बाजूला उत्तर झालं. दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायला हवेत. वैविध्याचे पाठीराखे अनेकदा हजेरीपटावर खूश होतात: एक कृष्णवर्णीय, एक भारतीय, एक लॅटिनो, चला, झालं. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ च्या सोहळ्यापासून समावेशकतेचे निकष लागू झाले. चारांपैकी दोन पूर्ण करायचे. संधीच्या वाटपासाठी असे निकष असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावरचं प्रतिनिधित्व अशा तक्त्यात मावत नाही. रहस्यपटात तर मुळीच नाही, कारण तिथे माणुसकीचं माप वेगळं आहे.

रहस्यकथेत माणूस म्हणून मोजलं जाणं म्हणजे संशयित असणं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे, हेतू आहे, बुद्धी आहे, खून करण्याची कुवत आहे, त्याच्याकडेच गुप्तहेर दोनदा पाहतो. ज्याच्यावर कोणी संशयच घेत नाही तो सामानाचा भाग. ख्रिस्तीला हे पक्कं ठाऊक होतं. वाढप्याकडे आणि मोलकरणीकडे कोणी निरखून पाहत नाही, या एका निरीक्षणावर तिने कित्येक खून पचवले. म्हणून ऐतिहासिक रहस्यपटातल्या प्रतिनिधित्वाची कसोटी चेहरे मोजून लागणार नाही. कोणाकोणाला संशयाच्या वर्तुळात जागा दिली, हे पाहावं लागेल.

ही कसोटी ‘डेथ ऑन द नाईल’ला लावली की ब्रॅना अडचणीत येतो.

सॅलोमी आणि रोझली ऑटरबर्न त्यातून सुटतात. सोफी ओकोनेडो आणि लेटिशिया राइट यांना बुद्धी, स्वार्थ आणि गुपितं मिळाली आहेत. प्वारो त्या दोघींकडे दोनदा पाहतो, सॅलोमीकडे तर जरा जास्तच. अली फझलचा अँड्र्यू काठावर पास होतो. त्याच्या हातात नायिकेच्या पैशांचे कागद आहेत, तेव्हा हेतू आहे. पण त्याला आडनाव दिलं आहे काचादूरियन, म्हणजे आर्मेनियन, आणि साल आहे १९३७. आर्मेनियनांच्या कत्तलीला जेमतेम बावीस वर्षं झाली आहेत. इंग्लिश श्रीमंतांच्या गोतावळ्यात वावरणाऱ्या आर्मेनियनाच्या मनात काय असेल याची चित्रपटाला काही फिकीर नाही. आडनाव चिकटवलं, त्यामागचा इतिहास उचलला नाही.

खरा घोटाळा मात्र बोटीच्या बाहेर आहे. ही कथा नाईल नदीवर घडते आणि संशयितांत एकही इजिप्शियन नाही. कादंबरीतही नाही, तिथे ते मणी विकणारे, मागे लागणारे, प्रवाशांना वैताग आणणारे लोक आहेत. १९७८ च्या चित्रपटात बोटीच्या मॅनेजरचं काम आपल्या आय. एस. जोहर यांनी केलं. मोडकं इंग्रजी बोलून हशा पिकवणं एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. पण तो चित्रपट निदान इजिप्तमध्ये जाऊन चित्रित झाला होता. २०२२ ची बोट उभी राहिली इंग्लंडमध्ये, सरेच्या लाँगक्रॉस स्टुडिओत, आणि नदीपासून देवळांपर्यंत बरंचसं इजिप्त संगणकावर तयार झालं. पीठ चाळून घ्यावं तसे ख्रिस्तीचे इंग्लिश पूर्वग्रह ब्रॅनाने चाळले. पण चाळणीची भोकं अशी होती की कृष्णवर्णीय अमेरिकन पिठात आले आणि इजिप्शियन कोंड्यासारखे वर राहून फेकले गेले.

आणि १९३७ चा इजिप्त काही निर्जन वाळवंट नव्हता. कैरोत तलअत हर्ब यांचा स्टुडिओ मिस्र १९३५ मध्ये सुरू झाला होता आणि १९३६ मध्ये उम्म कुलसूम पडद्यावर आली होती. वकील, डॉक्टर, पत्रकार, नट्या, जमीनदार असा मोठा सुशिक्षित वर्ग त्या शहरात होता. त्यांपैकी एखादा कथेतल्या ‘कर्नाक’ बोटीवर तिकीट काढून का बसू शकत नाही? सॅलोमीला बोटीवर चढवायला जेवढी कल्पनाशक्ती लागली, त्याच्या निम्म्याने हे काम झालं असतं.

शिवाय असा एखादा उतारू दिखाऊ ठरला नसता, कारण खुनाची ही कथा नेमकी त्याच वर्षी एका मोठ्या कायदेशीर प्रश्नावर उभी आहे. शतकानुशतकं चालत आलेल्या सवलतींमुळे इजिप्तमध्ये गुन्हा करणाऱ्या युरोपीय माणसावर इजिप्शियन न्यायालयात खटला चालत नसे. त्याचा निवाडा त्याच्या देशाची वकिलात करी. १९३६ च्या करारानंतर इजिप्तने हा विषय लावून धरला आणि ८ मे १९३७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे या सवलती रद्द करण्याचा करार झाला. ऑक्टोबरमध्ये तो अमलात आला. ख्रिस्तीची कादंबरी बाजारात आली नोव्हेंबरमध्ये. एका इंग्लिश वारसदारणीचा नाईलवर खून झाला आहे, सगळे संशयित परदेशी आहेत आणि तपास एक बेल्जियन करतो आहे. अशा वेळी कैरोहून आलेला एखादा तरुण सरकारी वकील बोटीवर असता आणि त्याने प्वारोला विचारलं असतं, ‘महाशय, हा खटला कोणाचा?’, तर चित्रपटाला किती धार आली असती! प्वारोला पहिल्यांदाच आपण कोणाच्या घरात बसून न्याय करतो आहोत याचा विचार करावा लागला असता.

आक्षेपकांना हे सुचणार नाही, कारण त्यांना बोट आणखी गोरी हवी आहे. हजेरीपटवाल्यांनाही सुचणार नाही, कारण त्यांचा तक्ता भरलेला आहे. परक्या आरोपीवर आपल्या न्यायालयात खटला चालवण्याचा हक्क इजिप्तने १९३७ साली वाटाघाटी करून मिळवला. २०२२ च्या चित्रपटाने त्याला ना खटला दिला, ना साक्षीदाराचा पिंजरा, ना आरोपीचा. आणि भांडण मात्र गाजलं ते गायिकेच्या रंगावरून.